घरी जाणाऱ्या सिस्टर कॅन्सरच्या लक्षणांची मार्गदर्शिका उघडतच नाहीत. नेमकं काय बदलायचं?

शुश्रूषा_समन्वयक

घरोघरी जाऊन सेवा देणाऱ्या नर्सच्या टीमसाठी विचारते आहे. सगळ्या अनुभवी आहेत, पण ऑन्कॉलॉजीच्या (कॅन्सर विभागाच्या) नाहीत. दिवसभरात ड्रेसिंग, कॅथेटर, इन्सुलिन अशी कामं आणि मधे एखाददुसरा केमो किंवा रेडिएशन चालू असलेला रुग्ण. लक्षणांच्या व्यवस्थापनाची पुराव्यावर आधारलेली जाडजूड मार्गदर्शिका प्रत्येकीच्या टॅबमध्ये टाकली, प्रशिक्षणही झालं. तरी नोंदी जशा होत्या तशाच: "मळमळ आहे, गोळी दिली", "जुलाब होत आहेत, पाणी भरपूर प्यायला सांगितलं". तीव्रता किती, कधीपासून, कुठलं औषध चालू, कोणाला कळवलं, काही नाही.

प्रश्न असे. मार्गदर्शिका किती छोटी करावी? लक्षणाच्या तीव्रतेचे शून्य ते दहा गुण प्रत्येक भेटीत विचारायचेच का? सुरुवात कुठल्या लक्षणांपासून करावी? आणि "आम्हाला बघूनच कळतं" म्हणणाऱ्या सिनियर सिस्टरना काय सांगायचं?

---

ड्रिपस्टँड

मार्गदर्शिका छोटी करण्यापेक्षा तिची जागा बदला. वेगळी फाइल उघडून वाचायची म्हटलं की रुग्णासमोर कोणी ती उघडत नाही. भेटीचा जो फॉर्म भरावाच लागतो, तोच मार्गदर्शिकेच्या क्रमाने छापा. एका लक्षणाला एक पान, पाठपोट.

कॅनडात टेलिफोनवरून सल्ला देणाऱ्या नर्ससाठी केलेल्या 'कोस्टार्स' नावाच्या मार्गदर्शिका आहेत, त्यांचा साचा घरच्या भेटीलाही छान बसतो. पाच टप्पे: तीव्रता तपासा, सौम्य, मध्यम की गंभीर ते ठरवा, चालू औषधं बघा, रुग्ण स्वतः काय करतोय आणि अजून काय करू शकेल ते ठरवा, शेवटी ठरलेलं सगळं रुग्णाला सांगून लिहून ठेवा. गुणांची विभागणी सरळ आहे. १ ते ३ सौम्य (हिरवं), ४ ते ६ मध्यम (पिवळं), ७ ते १० गंभीर (लाल). पण गुण ही फक्त पहिली ओळ. त्याखाली त्या लक्षणाचे चार-सहा ठोस प्रश्न असतात आणि ज्या ओळीचं उत्तर सगळ्यात वाईट, ती ओळ पूर्ण पानाचा रंग ठरवते. सरासरी काढायची नाही. हा एक नियम शिकवताना सुटला की बाकी सगळं फुकट जातं, कारण पाच खुणा हिरव्यात आणि एक लाल असली की माणसाचं मन आपोआप "एकंदरीत ठीक आहे"कडे झुकतं.

जुलाबाचं पान उदाहरणादाखल:

"दिवसातून किती वेळा?" हा प्रश्न चुकीचा. "नेहमीपेक्षा किती जास्त वेळा?" हा बरोबर. ज्याला एरवी दिवसाला तीनदा जायची सवय आहे त्याचे पाच वेगळे आणि ज्याला एक दिवसाआड होते त्याचे पाच वेगळे. नेहमीपेक्षा ४ पेक्षा कमी जादा असतील तर सौम्य, ४ ते ६ जादा असतील तर मध्यम, ७ किंवा त्याहून जास्त म्हणजे गंभीर. स्टोमा (शौचासाठी पोटावर केलेली वाट) असेल तर पिशवी किती वेळा रिकामी करावी लागते ते विचारा. मग रात्री उठावं लागतं का, रक्त किंवा काळा रंग, ताप, पोटात सतत दुखणं, उभं राहिल्यावर चक्कर, लघवी कमी आणि गडद. यातलं रक्त, ताप किंवा चक्कर असेल तर जुलाब दोनच असले तरी पान लाल.

यानंतर औषधांचा रकाना, आणि गडबड होते ती इथेच. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडची नेहमीची पद्धत म्हणजे सुरुवातीला ४ मि.ग्रॅ., मग प्रत्येक पातळ शौचानंतर २ मि.ग्रॅ., दिवसाला कमाल १६ मि.ग्रॅ. (इरिनोटेकॅन या केमोवर असलेल्यांना ऑन्कॉलॉजिस्ट कधीकधी याहून वेगळी, जोरदार पद्धत लिहून देतात, तिथे त्यांची चिठ्ठी चालते, पान नाही.) पण गोळी सुचवण्याआधी दोन प्रश्न फॉर्मवर ठळक हवेत:

– इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला चेतवणारा उपचार) चालू आहे किंवा गेल्या काही महिन्यांत झाली आहे का? असेल तर हे आतड्याला आलेली प्रतिकारशक्तीची सूज असू शकते. तिला स्टिरॉइड लागतं. लोपेरामाइडने आकडा खाली येतो आणि आत सूज वाढत राहते. घरून उपाय करत बसायचं नाही, त्याच दिवशी कॅन्सरवर उपचार करणाऱ्या टीमला फोन.

– कॅपेसिटाबिनसारखी केमोची गोळी घरी घेतोय का? नेहमीपेक्षा ४ किंवा जास्त जादा जुलाब असतील तर पुढची मात्रा घेण्याआधी टीमला विचारायचं. इथे रुग्ण "कोर्स अर्धवट सोडायचा नसतो" म्हणून गोळ्या चालूच ठेवतात, आणि सिस्टर फक्त जुलाबाच्या गोळीबद्दल बोलून निघतात.

सुरुवातीला चार पानं पुरेत: ताप, वेदना, बद्धकोष्ठता-जुलाब, मळमळ-उलटी. थकवा आणि भूक नंतर.

---

रात्रपाळी

ड्रिपस्टँड यांच्याशी बहुतेक सहमत, एक सोडून. ताप या साच्यात बसवूच नका. तापाला सौम्य-मध्यम नसतं. त्याचं पान नको, वेगळं कार्ड हवं, आणि ते रुग्णाच्या घरी दर्शनी जागी हवं, सिस्टरच्या बॅगेत नाही.

केमो चालू असलेल्या माणसाला तोंडातून घेतलेलं तापमान एकदा जरी ३८.३° से. आलं, किंवा ३८.०° तासभर टिकलं, तरी न्यूट्रोपेनियातला (पांढऱ्या पेशी घटलेल्या असतानाचा) ताप धरूनच चालायचं. बऱ्याच टीम ३८.० एकदा आलं तरी फोन करायला सांगतात. आपल्या टीमचा आकडा कुठला ते कार्डावर एकच छापा. पांढऱ्या पेशी बहुतेक केमोनंतर ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान तळाला जातात. म्हणून कार्डावर शेवटच्या केमोची तारीख लिहायला जागा ठेवा. फोनवर पहिला प्रश्न तोच येतो. हॉस्पिटलात पोचल्यावर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यामुळे "संध्याकाळपर्यंत बघू" याला जागाच नाही.

चुका ठरलेल्या आहेत. तापमान न घेताच पॅरासिटामॉल दिलं जातं आणि मग आकडा दिसत नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल नियमित चालू असेल किंवा डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड चालू असेल तर ताप येतच नाही, नुसती थंडी वाजते, माणूस गळून जातो, कधी तापमान ३६ च्या खाली जातं. हे तापाइतकंच धरायचं. गुदद्वारातून तापमान घ्यायचं नाही, एनिमा आणि सपोझिटरीही नाही, पेशी कमी असताना तिथली बारीक जखमही जंतूंना वाट करून देते.

त्याच कार्डाच्या मागे गुण न विचारता थेट फोन करायच्या बाकी गोष्टी:

नवीन पाठदुखी जी आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढते, सोबत पायात अशक्तपणा, बधिरपणा, लघवी अडकणं (मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब). चेहरा आणि मान सुजणं, गळ्याच्या शिरा फुगणं. एकाएकी धाप, एका पायाला सूज. खूप तहान, बद्धकोष्ठता आणि बरळणं एकत्र (कॅल्शियम वाढलेलं असू शकतं). न थांबणारं रक्त. इम्युनोथेरपीवर असताना नवीन खोकला किंवा धाप.

पाठदुखीचं मुद्दाम सांगतो. वेदनेच्या पानावर ती "५, मध्यम" अशी नोंदली जाते, गोळी वाढवली जाते आणि चालता येणारा माणूस दोन दिवसांत बिछान्याला खिळतो. उपचार सुरू होताना जो चालत असतो त्याचं चालणं टिकण्याची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून पाय किती उचलता येतो हे बघून लिहायचं.

---

फार्मा_खिडकी

एक कोरडा पण महत्त्वाचा मुद्दा. पानावर "लोपेरामाइड द्या" लिहून उपयोग नाही जर घरात गोळी नसेल किंवा चिठ्ठी नसेल. नर्स स्वतःहून औषध सुरू करू शकत नाही, मग ती पान का उघडेल? केमोच्या पहिल्या दिवशीच टीमकडून "लागल्यास घ्यायची" औषधं लिहून घ्या: मळमळीची, जुलाबाची, बद्धकोष्ठतेची, वेदनेची जादा मात्रा. आणि पहिल्या भेटीत ती घरात खरोखर आहेत का ते मोजा.

ओपिऑइडची (मॉर्फिनसारख्या वेदनाशामकाची) जादा मात्रा, म्हणजे मधेच वेदना उसळली तर घ्यायची, तपासायला सोपा हिशोब आहे: दिवसभरातल्या एकूण मात्रेच्या साधारण १० ते १५ टक्के. तोंडाने दिवसाला ६० मि.ग्रॅ. मॉर्फिन असेल तर एका वेळची जादा मात्रा ६ ते ९ मि.ग्रॅ.च्या आसपास. चिठ्ठीवर नियमित मात्रा दुप्पट झाली आणि जादा मात्रा जुनीच राहिली, असं सर्रास होतं. रुग्ण म्हणतो "ती गोळी लागूच पडत नाही". बदल नर्सने करायचा नाही, पण हा हिशोब करून फोन केला तर दोन मिनिटांत सुधारणा होते.

फेंटानिल या ओपिऑइडचा त्वचेवर चिकटवायचा पॅच असेल तर त्यावर गरम पाण्याची पिशवी नको. उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं, तापातही. नवा पॅच लावल्यावर पूर्ण परिणाम यायला १२ ते २४ तास जातात, तोवर जादा मात्रा हाताशी हवी. आणि जुना पॅच काढला का, ते अंग बघून खात्री करा, विचारून नाही.

---

शुश्रूषा_समन्वयक

खूप उपयोगी. दोन अडचणी अजून. एक, काही रुग्ण प्रत्येक लक्षणाला "पाच" म्हणतात, काहींना आकडा सांगताच येत नाही. दुसरं, बद्धकोष्ठता. मॉर्फिनवरचे निम्मे रुग्ण त्यातच अडकलेले दिसतात आणि सिस्टर ते लक्षण धरतच नाहीत.

---

आठवा_मजला

आकड्याबद्दल आधी. एडमंटनमध्ये १९९१ साली मांडलेली 'एसास' नावाची लक्षण-मोजणी जगभर वापरतात: वेदना, थकवा, गुंगी, मळमळ, भूक न लागणं, धाप, उदासी, चिंता आणि एकूण बरं वाटणं, प्रत्येकाला ० ते १०. सुधारित आवृत्तीत प्रश्न "आत्ता किती?" असा आहे, "आठवड्यात साधारण किती?" असा नाही. फरक मोठा आहे. सगळ्याला "पाच" म्हणणारा रुग्ण बहुतेक वेळा सरासरी सांगत असतो. दोन टोकं आधी शब्दांत सांगा, "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून वाईट कल्पनाच करता येत नाही", आणि मग आत्ताचा आकडा विचारा. तरीही पाचच आला तर पुढचा प्रश्न: "यामुळे आज काय करता आलं नाही?" अंघोळ राहिली, जेवण राहिलं, झोप मोडली. हे उत्तर आकड्याशेजारी लिहा. आणखी एक प्रश्न मला आकड्याइतकाच मोलाचा वाटतो: "याची तुम्हाला काळजी किती वाटते?" सौम्य लक्षण आणि भरपूर काळजी असेल तर रात्री फोन येणारच, तो दुपारीच सोडवलेला बरा.

रुग्ण बोलू शकत नसेल तर घरच्यांकडून घ्या, पण उत्तर कोणी दिलं ते नोंदवा. घरचे लोक वेदना अनेकदा रुग्णापेक्षा जास्त सांगतात. काल मुलीने सांगितलेला ७ आणि आज रुग्णाने सांगितलेला ४ म्हणजे सुधारणा नव्हे.

आता तुमच्या दुसऱ्या अडचणीचं मूळ: त्या नऊ लक्षणांत बद्धकोष्ठता नाहीच. "इतर" या रिकाम्या ओळीत ती उदाहरण म्हणून येते. जुलाब आणि तापही यादीत नाहीत. नुसती एसास छापून दिली की ही तिन्ही निसटतात. फॉर्मच्या पहिल्याच ओळीत "शेवटचं शौच कोणत्या तारखेला?" असा रकाना टाका. गुण नको, तारीख.

ओपिऑइड सुरू झालं त्याच दिवशी रेचक सुरू व्हायला हवं, त्रास झाल्यावर नाही. मळमळ आणि गुंगीला शरीर काही दिवसांत सरावतं, बद्धकोष्ठतेला सरावत नाही. सेना किंवा बिसाकोडिलसारखं आतड्याला चालना देणारं, किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलसारखं पाणी ओढणारं, किंवा दोन्ही. नुसतं डॉक्युसेट (शौच मऊ करणारं औषध) पुरत नाही. इसबगोलसारखं तंतूंचं औषध कमी पाणी पिणाऱ्या, ओपिऑइडवरच्या रुग्णाला देऊ नका. आतड्याची हालचालच मंदावलेली असताना तो गोळा पुढे सरकत नाही, तिथेच बसतो.

तीन दिवस शौच नाही म्हणजे पान निदान पिवळं. आणि सापळा असा: पाच दिवस काही नाही, मग अचानक थोडं थोडं पातळ पाणी, कपडे खराब. सिस्टर जुलाबाचं पान उघडतात, लोपेरामाइड देतात. ते जुलाब नसतात, अडकलेल्या खड्याच्या बाजूने झिरपणारं पाणी असतं. म्हणून जुलाबाच्या पानाचा पहिला प्रश्न: "त्याआधी किती दिवस झालं नव्हतं?" पोट फुगलेलं, कळा, उलट्या, वायूसुद्धा सरत नाही, असं असेल तर आतडं अडकल्याची शंका. चालना देणारं रेचक आणि मेटोक्लोप्रामाइड (आतड्याला चालना देणारं मळमळीचं औषध) दोन्ही थांबवून लगेच फोन. ऑन्डान्सेट्रॉनने मळमळ थांबते पण बद्धकोष्ठता वाढते, हेही पानावर असू द्या.

जाता जाता: मॉर्फिनवर श्वास मंदावण्याआधी गुंगी वाढते. श्वास मोजण्यापूर्वी "हाक मारल्यावर किती वेळात डोळे उघडतो, बोलता बोलता झोपतो का" हे लिहा. हातपाय झटके देत असतील, लघवी कमी झाली असेल तर किडनी थकल्याने मॉर्फिनचे अवशेष साचत असण्याची शक्यता. ते वेदनेचं लक्षण समजून मात्रा वाढवली की प्रकरण बिघडतं.

---

नोंदवही

"बघूनच कळतं" म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका, त्यांचं बरंचसं खरं असतं. त्यांना गंभीर रुग्ण कळतोच. निसटतो तो मध्यमातला, कालच्यापेक्षा दोन गुणांनी चढलेला, आणि ती चढण उद्या जाणाऱ्या दुसऱ्या सिस्टरला दिसायला आकडा लागतो. त्यांच्यापैकीच एकीला पानाचा मसुदा तपासायला द्या. ज्यात त्यांनी स्वतः खोडाखोड केली ते पान वापरलं जातं.

गुण म्हणजे नुसती कागदपत्रं नाहीत याला आधार हवा असेल तर: मेटास्टॅटिक (शरीरात पसरलेल्या) कॅन्सरच्या ७६६ रुग्णांच्या एका अमेरिकन चाचणीत रुग्णांनी नियमित लक्षणं नोंदवली आणि गंभीर किंवा वाढत्या लक्षणाची सूचना थेट नर्सकडे गेली. २०१७ साली आलेल्या निष्कर्षांत त्या गटाचं मध्य आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने, नेहमीची सेवा घेणाऱ्यांचं २६.० महिने. ते बाह्यरुग्ण विभागात झालं, घरच्या भेटीत नव्हे, हे सांगूनच वापरा. त्यात आकडा कोणाकडे तरी गेला ही गोष्ट महत्त्वाची. तुमच्या फॉर्मवर "४ ते ६: आज दुपारपर्यंत कोणाला फोन, कोणता नंबर, नाही उचलला तर कोण" हे छापलेलं नसेल तर गुण लिहून घेण्यात अर्थ नाही.

फोन कसा करायचा याचे चार ओळींचे शब्दही द्या. परिस्थिती, पार्श्वभूमी, माझं निरीक्षण, मला काय हवं. "रुग्णाला बरं नाही" यावर डॉक्टर "लक्ष ठेवा" म्हणणार. "केमोचा नववा दिवस, तोंडातून तापमान ३८.४, पॅरासिटामॉल दिलेलं नाही, आत्ता तुमच्याकडे पाठवते आहे, आपत्कालीन विभागाला कळवाल का?" यावर तसं म्हणणं अवघड जातं.

प्रशिक्षणात स्लाइड नकोत. तुमच्याच जुन्या नोंदी नावं काढून घ्या, जोडीने बसवा, एकीने रुग्ण व्हायचं, दुसरीने पान भरायचं. दर वेळी एकच लक्षण.

मग तपासणी. कॉक्रेन (वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) यांच्या २०१२ च्या आढाव्यात १४० चाचण्या बघितल्या होत्या. नोंदी तपासून परत सांगण्याने अपेक्षित वर्तनात मध्य सुधारणा साधारण ४.३ टक्केबिंदूंची. म्हणजे जादू नाही. पण मुळात काम कमी दर्जाचं होत असेल, सांगणारा वरिष्ठ किंवा सहकारी असेल, एकापेक्षा जास्त वेळा, तोंडी आणि लेखी दोन्ही, आणि पुढचं लक्ष्य ठरवून सांगितलं, तर परिणाम जास्त. महिन्याला प्रत्येकीच्या मोजक्या नोंदी काढा आणि तीनच गोष्टी बघा: तीव्रता लिहिली का, पानाचा रंग आणि केलेली कृती जुळते का, पुढच्या भेटीत तोच आकडा पुन्हा घेतला का. तिसरी सगळ्यात जास्त सुटते. हॉस्पिटलात भरती किती कमी झाली हे सुरुवातीला मोजू नका. योग्य वेळी ओळखलेला ताप म्हणजेही भरतीच, आणि ती चांगली भरती.

---

ड्रिपस्टँड

रात्रपाळी, ताप वेगळा काढायचं पटलं. चौथं पान मग तोंड येण्याचं घ्या.

त्या पानावर एक घोळ होतो तो आधीच मिटवा. वेगवेगळ्या हॉस्पिटलांतून आलेल्या रुग्णांच्या हातात वेगवेगळी माउथवॉश असतात, आणि सिस्टरना वाटतं जंतुनाशक म्हणजे चांगलंच. अल्कोहोल असलेलं कुठलंच नको, ते जळजळ वाढवतं. डोक्या-मानेच्या रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून क्लोरहेक्सिडिन वापरायची शिफारस नाही. साधं द्रावण: एक लिटर पाण्यात १ चमचा मीठ आणि १ चमचा खायचा सोडा, चमचा ५ मि.लि.चा. दिवसातून चार-सहा वेळा चूळ भरून थुंकायचं, रोज ताजं करायचं. पिणं थांबलं, किंवा पांढरे चट्टे आणि ताप सोबत असेल, तर लाल.

प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख आणि पुन्हा कधी तपासायचं ती तारीख छापा. नवी आवृत्ती आली की टॅबमधली फाइल बदलते, पण बॅगेतली झेरॉक्स तशीच राहते. ती परत घेतल्याशिवाय नवी देऊ नका.